कानाने पाहणारा वैद्य

डॉक्टर म्हटले की डोळ्यांपुढे आधी येते ती त्यांच्या गळ्यातली नळी. पोरे डॉक्टर-डॉक्टर खेळतात तेव्हा सुतळीचा तुकडा आणि बाटलीचे टोपण एवढ्या सामग्रीवर त्यांचा दवाखाना उभा राहतो. ही नळी ज्याने पहिल्यांदा केली त्या रने लाएनेकचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवीत असे. ध्वनीचा धडा आला की त्याचे नाव घ्यायचे आणि पुढे जायचे, एवढीच आमची ओळख. अलीकडे त्याच्याकडे पुन्हा वळलो, ते अगदी निराळ्या कारणाने.

आमचे मुरुम हे धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्याचे, कर्नाटकाच्या हद्दीला खेटलेले गाव. इथे सध्या एक नवा शब्द घरोघरी शिरला आहे. फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतावर साचलेली चरबी. पोट दुखले म्हणून, नाहीतर मुतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी करावी, आणि अहवालाच्या शेवटच्या ओळीत हा शब्द निघावा. मग कुणी रात्रभर झोपत नाही, तर कुणी सगळ्यांनाच असते हो म्हणून कागद कपाटात टाकून देतो. माझ्या मते दोघेही चुकतात. का चुकतात हे समजून घ्यायला दोनशे वर्षांपूर्वीचा हा फ्रेंच वैद्य फार उपयोगी पडतो. यकृताच्या शेवटच्या आजाराला नाव दिले ते त्याने, आणि शरीर न फाडता आतले जाणून घेण्याची वाटही दाखवली त्यानेच. गंमत अशी की, या दोन गोष्टींची गाठ त्याच्या हयातीत पडलीच नाही.

लाएनेकचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ चा. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, समुद्रात घुसलेल्या ब्रिटनी प्रांतातले कँपेर हे त्याचे गाव. वडील वकील होते, पण त्यांचे लक्ष वकिलीपेक्षा कवितेत आणि खर्चात अधिक. रने पाच वर्षांचा असताना आई गेली. मुलांना सांभाळणे वडिलांच्याने होईना, तेव्हा ती नातेवाइकांकडे आणि शेवटी नांत शहरातल्या काकांकडे आली. काका गियोम डॉक्टर होते, कर्ते होते. आपल्याकडच्या कितीतरी घरांत भावाची मुले अशीच वाढली आहेत. त्यामुळे हा भाग वाचताना परका वाटत नाही. मुलगा प्रकृतीने तोळामासा. बासरी वाजवायचा, ग्रीक आणि लॅटिन मन लावून शिकायचा. त्यातच फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा नांतला पोहोचला. शहरातल्या बुफे चौकात गिलोटिन उभे राहिले आणि शाळकरी वयात त्याने जे पाहू नये ते पाहिले. चौदाव्या वर्षी तो काकांच्या हाताखाली रुग्णालयात उमेदवारी करू लागला, जखमा बांधू लागला.

१८०१ साली तो पॅरिसला आला आणि शारिते रुग्णालयात कॉर्व्हिसारचा शिष्य झाला. कॉर्व्हिसार म्हणजे पुढे नेपोलियनचा खास वैद्य. त्याचा एक हट्ट होता. रुग्णाची छाती बोटांनी ठोकून पाहिल्याशिवाय बोलायचे नाही. ही विद्या मूळची ऑस्ट्रियातल्या औएनब्रुगर नावाच्या वैद्याची. त्याचे वडील खानावळवाले, आणि पिपात दारू किती उरली हे पिंप ठोकून कळते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले. आपणही कुंभाराकडून माठ घेताना टिचकी मारतो, कलिंगड घेताना कान लावतो, तसेच हे. औएनब्रुगरने १७६१ साली ते पुस्तकात लिहिले. वैद्यमंडळींनी ते जवळजवळ विसरून टाकले. कॉर्व्हिसारने १८०८ साली त्याचे फ्रेंच भाषांतर करून त्याला पुन्हा उभे केले. आजही डॉक्टर आपल्या उजव्या फासळ्यांवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने टकटक करतात, तेव्हा ते यकृत कुठवर आले आहे याचा अंदाज घेत असतात. फुप्फुसात हवा असते, तिथे आवाज पोकळ येतो. यकृत भरीव, तिथे तो दबका येतो.

त्या काळच्या पॅरिसमधल्या वैद्यकाची रीत विलक्षण होती. रुग्ण जिवंत असताना त्याची लक्षणे बारकाईने टिपायची, आणि तो गेला की शवविच्छेदन करून आत काय झाले होते ते पाहायचे. बाहेरचे आणि आतले जुळवत जायचे. लाएनेक यात अत्यंत तयार होता. १८०२ साली, म्हणजे एकविसाव्या वर्षी, त्याने पोटाच्या आतल्या आवरणाला येणाऱ्या सुजेचे वर्णन छापले. पुढच्या वर्षी वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्हींचे पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. पण या पद्धतीत एक क्रूर अडचण होती, आणि ती त्याला डाचत असावी असे मला वाटते. खरे उत्तर कळायचे ते रुग्णाला त्याचा काही उपयोग उरल्यावर नव्हे, तर तो गेल्यानंतर.

१८१४ सालची एक गोष्ट मला त्याच्या शोधांइतकीच मोलाची वाटते. नेपोलियनच्या अखेरच्या लढायांत ब्रिटनीतले खेडवळ तरुण सैन्यात ओढले गेले होते. जखमी, तापाने फणफणलेले असे ते पॅरिसच्या रुग्णालयांत येऊन पडले. त्यांना फ्रेंच येत नव्हते, ब्रेटन तेवढी कळे. लाएनेकने त्यांच्यासाठी धावाधाव केली आणि त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलला. आमच्याकडे मराठी, कानडी आणि दखनी एकाच बाजारात चालतात. आपल्या बोलीत दुखणे सांगता येणे ही रुग्णाला किती मोठी सोय असते, हे हद्दीवरच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

१८१६ साल त्याच्या आयुष्यात फार मोठे. त्या वर्षी त्याचा जिवलग मित्र आणि सहकारी बेल क्षयाने गेला, आणि त्याच वर्षी लाएनेकला नेकेर रुग्णालयात नेमणूक मिळाली. तिथे एक तरुण स्त्री हृदयविकाराची लक्षणे घेऊन आली. ती अंगाने स्थूल, त्यामुळे ठोकून काही कळेना. आणि तरुण बाईच्या छातीला थेट कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. तेव्हा त्याला ध्वनीची एक साधी गोष्ट आठवली. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते. लूव्रच्या अंगणात मुलांना हा खेळ खेळताना त्याने पाहिले, अशी एक कथा सांगतात. ती मागाहून जोडलेली असावी. त्याने कागदांची एक चवड घट्ट गुंडाळली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसऱ्याला कान लावला. कान टेकवूनही कधी आले नव्हते इतके हृदयाचे ठोके स्वच्छ ऐकू आले.

मग त्याला वेड लागले. बासरीवाल्याचा कान आणि सुताराचा हात दोन्ही त्याच्याजवळ होते. लेथवर तो स्वतः लाकडाच्या नळ्या कातू लागला. फूटभर लांबीची, मधून भोक असलेली, दोन तुकड्यांत उघडणारी नळी शेवटी ठरली. तीन वर्षे तो नेकेरच्या खाटांमागून खाटा ऐकत फिरला. कुठे बुडबुडे फुटल्यासारखा आवाज, कुठे कोरडी करकर, कुठे नळीतून थेट बोलल्यासारखा. प्रत्येक आवाजाला नाव दिले, आणि रुग्ण दगावला तर आत काय निघाले ते त्यापुढे मांडले. १८१९ साली त्याचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. पुस्तक घेणाऱ्याला थोडे पैसे जास्त भरून नळीही घेता येई! विक्रीची ही युक्ती प्रकाशकाची की त्याची, कोण जाणे, पण मोठी शहाणपणाची. नुसते वाचून कान तयार होत नाही.

याच ग्रंथात, छातीच्या आजारांच्या गर्दीत, एका तळटीपेत आपले यकृत येते. एका रुग्णाच्या शवविच्छेदनात लाएनेकला ते नेहमीच्या आकाराच्या एक तृतीयांशाएवढे आक्रसलेले सापडले. पृष्ठभाग गुळगुळीत नाही, गाठीगाठींचा. आत राळ्याच्या दाण्यासारखे, कुठे त्याहून मोठे, पिवळट तांबूस कण खच्चून भरलेले. पोटात पाणी झालेले. हा आजार त्याच्या आधीही लोकांनी पाहिला होता. त्याने त्या पिवळट रंगावरून, ग्रीक शब्द घेऊन, त्याला नाव दिले सिऱ्हॉसिस. तेच आज जगभर चालते. मात्र हे कण म्हणजे यकृतात उगवलेली नवीच काही वाढ आहे, असा त्याचा समज होता, आणि तो खरा ठरला नाही. यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली की जखमेवर वण यावा तसे आत तंतू साठतात. ते जाळे पसरत गेले की मधल्या पेशींच्या गाठी बनतात. लाएनेकने रंग पाहून नाव ठेवले. आजाराचे मर्म मात्र कठीणपणात होते.

इथे मला आमच्या गावाच्या नावाकडे यावे लागते. मुरुम म्हणजे काय, हे विहीर खणलेल्या कुणालाही विचारा. वर काळी माती, तिच्याखाली मुरुम, मग मांजऱ्या, आणि तळाशी पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. निरोगी यकृत मातीसारखे मऊ असते. चरबी साचली तरी ते बराच काळ मऊच राहते. वण पडू लागले की मुरुम लागतो. सिऱ्हॉसिस म्हणजे पाषाण. सोनोग्राफीतला ग्रेड एक, ग्रेड दोन हा आकडा चरबीचा आहे. खाली मुरुम लागला आहे की नाही, हे तो सांगत नाही. ग्रेड एकच्या माणसाचे यकृत आतून कठीण होत चाललेले असू शकते, आणि ग्रेड दोनच्या माणसाचे अजून मऊ असू शकते. म्हणून घाबरणाराही चुकतो आणि हसणाराही. पुढे कुणाचे काय होणार, हे चरबीपेक्षा वणांवर जास्त ठरते, हे आता अनेक देशांतल्या अभ्यासांतून पक्के झाले आहे.

मग हा कठीणपणा पोट न फाडता कसा कळावा? पूर्वी सुईने यकृताचा बारीक तुकडा काढावा लागे. अजूनही काही वेळा लागतो. पण एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लाएनेकच्याच पॅरिसमध्ये, एक यंत्र तयार झाले. फायब्रोस्कॅन त्याचे नाव. रुग्णाने उताणे निजून उजवा हात डोक्यामागे घ्यायचा. फासळ्यांच्या मधल्या जागेत यंत्राचे टोक टेकवतात आणि ते हलकीशी टिचकी मारते. त्या टिचकीने यकृतात एक मंद लहर उठते. त्याच टोकातून निघणारा, आपल्या कानांना न ऐकू येणारा ध्वनी त्या लहरीचा पाठलाग करून तिचा वेग मोजतो. मऊ यकृतात लहर सावकाश जाते, कठीण यकृतात झपाट्याने. ठोकणे औएनब्रुगरचे, ऐकणे लाएनेकचे! अशा दहा टिचक्या, दहा मिनिटांत काम संपते.

या लहरीची जात आमच्या भागाला परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर जिल्ह्याबरोबर आमचा उमरगा तालुकाही हादरला. भूकंपात जमीन आडवी हलवीत जी दुसरी लहर येते, तिचीच ही अतिशय लहान बहीण. पाषाणातून ती वेगाने धावते, मातीतून रेंगाळते. भूगर्भवाले तिच्या वेगावरून जमिनीच्या पोटात काय आहे ते ओळखतात. डॉक्टर यकृताच्या पोटातले.

कठीणपणाचा आकडा किलोपास्कलमध्ये येतो. निरोगी माणसात तो साधारण ५ च्या आसपास असतो. ८ च्या खाली असेल तर गंभीर वण असण्याची शक्यता कमी. १२ च्या वर गेला तर गोष्ट गंभीर. मधल्या पट्ट्यात आणखी तपास करायचा. चरबीचा आकडा त्याच तपासणीत वेगळा मिळतो. प्रत्येकाने लगेच शहर गाठून हे यंत्र शोधावे असेही नाही. वय, यकृताच्या दोन रक्ततपासण्या आणि रक्तबिंबिका म्हणजे प्लेटलेट यांवरून डॉक्टर एक साधे गणित मांडतात. त्याला फिब-फोर म्हणतात. उत्तर १.३ च्या खाली आले तर बहुतेकांना स्कॅनची घाई नसते. एक ते तीन वर्षांनी पुन्हा पाहिले तरी चालते. पासष्टीच्या पुढे ही रेघ २ वर धरतात. मधुमेहवाल्यांनी मात्र हे गणित टाळू नये. आणि एक लक्षात ठेवा, जेवून गेलात तर आकडा फुगतो. निदान तीन तास पोट रिकामे हवे. कावीळ झालेली असताना किंवा हृदय दुबळे असतानाही तो खोटा वाढतो. एका आकड्यावर माणसाचे भविष्य सांगू नये, ते याचसाठी.

आकडा हातात आला की उपचाराची दिशा ठरते, आणि मला सगळ्यात आशादायक वाटते ते हेच. यकृत मऊ असेल तर औषधाच्या दुकानात जायची गरज नाही. वजन, साखर, दारू आणि चालणे यांचा हिशेब पुरतो. ८० किलोच्या माणसाने ४ किलो घटवले तरी चरबी उतरू लागते. सूज शमायला वजन ७ ते १० टक्के उतरावे लागते, आणि १० टक्क्यांच्या पुढे गेले तर पडलेले वणही बऱ्याच जणांत मागे हटतात. मुरुमाची पुन्हा माती होते, हे जमिनीत शक्य नाही, यकृतात आहे. कठीणपणा मधल्या टप्प्यावर असेल, पण सिऱ्हॉसिस झालेला नसेल, अशांसाठी अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना मान्यता मिळाली. ती कुणाला द्यायची हे ठरवताना डॉक्टर वणांचाच अंदाज घेतात. नुसती चरबी आहे म्हणून ती घ्यायची नसतात. आणि आकडा पाषाणाकडे झुकला असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून यकृताच्या कर्करोगावर नजर ठेवायची. आकडा २० च्या पुढे गेला किंवा प्लेटलेट दीड लाखाखाली आल्या, तर अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आहेत का हे दुर्बिणीने पाहायचे. एकाच आजाराच्या नावाखाली तीन माणसांना तीन वेगळे उपचार!

आपल्याकडे यकृताच्या बाबतीत एक मोठी लढाई जिंकली गेली आहे, तिची आठवण ठेवायला हवी. एके काळी लहान मुलांना होणारा सिऱ्हॉसिस घरेच्या घरे उजाड करीत असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात त्याचा माग काढला, तेव्हा बोट गेले ते स्वयंपाकघरातल्या कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांकडे. त्यांत तापवलेल्या, साठवलेल्या दुधातून तांबे तान्ह्यांच्या यकृतात साचत होते. भांडी बदलली आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. फॅटी लिव्हरचा बराचसा माग पुन्हा स्वयंपाकघराकडेच जातो, फक्त या वेळी भांड्यात काय शिजते तिकडे. ज्वारीची भाकरी मागे पडली, दिवसाचे सहा गोड चहा आणि संध्याकाळचे भजे मात्र टिकले. आपल्या अंगकाठीत वजन फार न दिसताही पोटाशी चरबी साचते, हे वेगळेच. केंद्र सरकारने २०२१ साली या आजाराला असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले, ते उगीच नव्हे.

लाएनेकला यातले काहीच मिळाले नाही. ग्रंथ छापून होताच तो खचला आणि ब्रिटनीतल्या आपल्या केर्लुआर्नेकच्या घरी निघून गेला. तिथे शेती, झाडे, मोकळी हवा. जरा बरे वाटले की पुन्हा पॅरिसची ओढ. १८२२ साली कोलेज द फ्रान्समध्ये तो प्राध्यापक झाला, राजघराण्यात वैद्य झाला. ब्रूसे नावाचा प्रतिस्पर्धी वैद्य जळवा लावून सगळे आजार बरे करू पाहत होता आणि लाएनेकवर तुटून पडत होता; त्याच्याही अंगात ब्रिटनीचाच हट्ट. लाएनेकवर आक्षेप असा की, हा माणूस ऐकतो फार, बरे करीत काही नाही. त्यात तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. क्षयाची पोकळी फुप्फुसात नेमकी कुठे आहे हे तो नळीने सांगू शके. पण क्षयावर औषध यायला स्ट्रेप्टोमायसिनपर्यंत, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत थांबावे लागले. ज्याचे पुढे काही करता येत नाही असे निदान सांगणे किती जड जात असेल! तरी त्याने ऐकणे सोडले नाही. डिसेंबर १८२४ मध्ये त्याने आपले घर सांभाळणाऱ्या विधवा जाकेत आर्गू हिच्याशी लग्न केले. १८२६ साली ग्रंथाची दुसरी आवृत्ती सुधारून दिली, तेव्हा तो स्वतः खोकत होता.

त्याने नात्यातल्या मेरियादेक या तरुण डॉक्टरच्या हातात आपलीच नळी दिली आणि छाती ऐकून काय येते ते सांगायला लावले. मेरियादेक जे सांगत गेला त्याचा अर्थ त्या खोलीत लाएनेकइतका दुसऱ्या कुणाला कळत नव्हता. मेअखेर तो पॅरिस सोडून केर्लुआर्नेकला परतला. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, मागाहून दुसऱ्या कुणाला ते काम करावे लागू नये म्हणून त्याने बोटांतल्या अंगठ्या स्वतः काढून ठेवल्या, असे सांगतात. दोनेक तासांत तो गेला. वय पंचेचाळीस. मृत्युपत्रात मेरियादेकसाठी कागदपत्रे, घड्याळ, अंगठी असे बरेच काही होते. पण आपल्या मालमत्तेत सगळ्यात मोलाची म्हणून त्याने त्याच्या नावे वेगळी लिहून ठेवली ती लेथवर कातलेली लाकडी नळी.